मास्तरांचा उजवा पाय

अर्ध्या गावाला मास्तरांनी गाडी शिकवली होती, आणि उरलेलं अर्धं गाव त्यांच्या विद्यार्थ्यांना घाबरून रस्त्याच्या अगदी कडेने चालायचं. तीस वर्षं ते शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसत आले. तिथे त्यांच्या पायाशी एक जादाचा ब्रेक होता. शेजारच्याने घोळ घातला की मास्तर "थांब!" म्हणून ओरडत आणि उजवा पाय दाणकन दाबत. पुढे पुढे तो पाय गाडीबाहेरही त्यांच्या ताब्यात राहिला नाही. टीव्हीवर कोणी भरधाव गाडी हाकायला लागलं की मास्तर सोफ्यावर बसून ब्रेक मारत. सोफ्यासमोरच्या सतरंजीची त्या जागी जाळी झाली होती. "अहो, तो पाय आवरा," असं मास्तरीणबाई लग्न झाल्यापासून सांगत होत्या. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि अशा माणसाचा कुत्रा गाड्यांच्या मागे धावायचा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कुत्र्याचं नाव हॉर्न. गाडी दिसली रे दिसली की हा भुंकत सुटलाच. एके दिवशी एक चाक त्याच्या पंजाला चाटून गेलं. आठ दिवस पट्टी होती. तेवढे दिवस मास्तरीणबाई त्याच्याशेजारी जमिनीवर झोपल्या आणि नवव्या दिवशी त्यांनी भावाला फोन लावला. भावाची फळबाग होती, रस्त्यापासून लांब.

"एक महिना देते," त्या मास्तरांना म्हणाल्या. "तोवर सुधारला तर ठीक, नाहीतर भाऊ येऊन घेऊन जाईल. डोळ्यांआड राहिला तरी चालेल मला, पण जिवंत राहू दे."

मास्तर त्याच संध्याकाळी हॉर्नला घेऊन दवाखान्यात गेले.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पद्धत समजावून सांगितली. मारायचं नाही. लांब दोरी बांधायची आणि रस्त्यापासून चांगलं दूर उभं राहायचं. गाडी दिसली की तो झेपावायच्या आत "थांब" म्हणायचं. थांबून आपल्याकडे बघितलं की लगेच उकडलेल्या मांसाचा तुकडा द्यायचा. जमलं की दोन पावलं पुढे. "आणि शिकला तरी दोरी सोडायची नाही," त्यांनी बजावलं.

मास्तर रोज सकाळी खिशात तुकडे भरून मैदानाच्या टोकाला जाऊ लागले. पहिल्या आठवड्यात हॉर्नने त्यांना दोनदा आडवं केलं. तिसऱ्या आठवड्यात तो "थांब" म्हटल्यावर गपकन खाली बसू लागला, आणि चौथ्यात तर फाटकाशी बसून जाणाऱ्या गाड्यांकडे पेन्शनरासारखा नुसता बघू लागला. मास्तरांची छाती फुगली. एवढा शहाणा विद्यार्थी तीस वर्षांत मिळाला नव्हता म्हणे.

रविवारी मेहुणा आला तोच हसत. "भाऊजी, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच!"

"तू गाडी काढ," मास्तर म्हणाले.

मेहुण्याने फाटकासमोरून तीनदा गाडी नेली. मास्तरांनी तीनदा "थांब" म्हटलं आणि हॉर्न तीनदा बसला. मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला.

"आता मी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "दिवसभर घरी मी असते. तुम्ही तर गाडीत."

त्यांनी दोरी धरली. गाडी आली. "थांब!" हॉर्न बाणासारखा सुटला आणि दोरीच्या टोकाला हिसका बसून कोलमडला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मास्तरीणबाईंचे तळहात सोलवटले. हॉर्न मात्र नवलाने त्यांच्याकडे बघत होता. आपलं काय चुकलं ते त्याला खरंच कळत नव्हतं.

मेहुण्याने गाडीचं मागचं दार उघडलं. मास्तरीणबाई आत जाऊन हॉर्नचं ताट आणि त्याची गोधडी घेऊन आल्या, त्यांनी ते सीटवर ठेवलं आणि पदराने डोळे पुसले. महिनाभर फुकट राबल्याचं मास्तरांना काही वाटलं नाही. सकाळी मैदानावर एकटं जावं लागेल, याचं मात्र फार वाटलं.

"माझं शिकवणं कमी पडलं," ते म्हणाले.

मास्तरीणबाई भडकल्याच. "कमी कसं पडलं? तुमचं ऐकतो ना तो! मग माझ्यात काय कमी आहे? खाऊ मी घालते, अंघोळ मी घालते, आणि हा मेला..." आणि रागाच्या भरात त्यांनी पाय आपटला.

हॉर्न गपकन खाली बसला.

मास्तरीणबाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग हळूच पुन्हा पाय आपटला. बसलेला हॉर्न आणखी ताठ बसला आणि तुकड्यासाठी त्यांच्या तोंडाकडे बघू लागला.

"अहो," त्या म्हणाल्या, "एकदा थांब म्हणा बरं. पण खाली बघून."

मास्तर खाली बघत म्हणाले, "थांब." त्यांचा उजवा पाय आपोआप दाणकन जमिनीवर पडला. महिनाभर तो तसाच पडत होता, आणि हॉर्न शब्द सोडून पायच शिकला होता. मास्तरांनी कपाळाला हात लावला.

"दादा, गाडी काढ," मास्तरीणबाई म्हणाल्या.

गाडी आली. हॉर्नचे कान उभे राहिले, अंग ताठ झालं. मास्तरीणबाईंनी सगळं बळ एकवटून पाय आपटला, इतका की चप्पल निसटून फाटकाबाहेर गेली. हॉर्न बसला. गाडी गेली. तो बसूनच राहिला, आणि मान वळवून त्याने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी तिथेच खाली बसून त्याला मिठी मारली आणि त्या हसता हसता रडल्या.

मेहुणा गाडीतलं ताट आणि गोधडी काढून निमूटपणे घरात ठेवून आला.

आता मैदानावर दोघं मिळून जातात. दोरी अजून सुटलेली नाही. आणि संध्याकाळी टीव्हीवर गाडी भरधाव सुटली की सोफ्यावरून दोन पाय एकदम आपटतात, हॉर्न आपल्या जागी शहाण्यासारखा बसतो, आणि "पाय आवरा" असं त्या घरात आता कोणीच कोणाला म्हणत नाही.