चौथ्या भागाची मुद्रितं

प्रकाशकाने हात वर केले, तेव्हा थोरलीने आपल्या अद्भुत कादंबरीमालेचा चौथा भाग स्वतःच छापायचं ठरवलं. मुद्रितं तपासायला आई होतीच. तिची उभी हयात छापखान्यात याच कामात गेली होती. मालेतला वाट चुकलेला राजपुत्र म्हणजे आपला धाकटा, हे आईने पहिल्याच भागात ओळखलं होतं. धाकटा नऊ वर्षांपूर्वी मासेमारीच्या बोटीवर गेला, तो परतलाच नव्हता. राजपुत्र मात्र भागामागून भाग जगत होता आणि आई त्यावर तग धरून होती.

त्या दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आईची पेन्सिल एकाएकी थांबली.

"बुडवलंस त्याला?"

"आई, कथा आहे ती."

"मला शिकवू नकोस. काय कळलंय तुला?"

बंदर कार्यालयाचं पत्र येऊन दोन महिने झाले होते. बोटीचा सांगाडा सापडला होता आणि त्यातली हाडं धाकट्याची ठरली होती. तोंडाने सांगायचा धीर होईना, म्हणून थोरलीने ते कादंबरीत लिहिलं होतं. आता तिने कपाटातून पत्र काढून आईपुढे ठेवलं.

आईने ते दोनदा वाचलं. रडली नाही.

"मी काय तुझी वाचक आहे का गं?" एवढंच म्हणाली.

उरलेली पानंही तिने तपासून दिली, एक चूक सोडली नाही. महिन्याभरात पुस्तक निघालं. आईने ते हातात घेतलं नाही, आणि त्यानंतर ती थोरलीशी कामापुरतंच बोलत राहिली.