हेमराजला बैठकीला न्या

दोन वर्षांपूर्वी हेमराजचे आवाज गेले आणि जाताना त्याचा चेहरा घेऊन गेले.

आवाज म्हणजे लूमच्या खटखटीतून येणारे. सुरतेत पर्वत पाटियाच्या मागच्या गल्लीत तो लूम चालवायचा. त्या कारखान्यात शेजारच्याने कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. हेमराजला मात्र शेठ, शेठचा मेहुणा आणि गावाकडचा एक मेलेला चुलता असे तिघे अगदी स्पष्ट ऐकू यायचे. एक दिवस त्या तिघांच्या सांगण्यावरून त्याने कात्री घेतली आणि लूमवर नुकत्याच चढवलेल्या बीमचे, म्हणजे ताण्याच्या रुळाचे, सगळे धागे कापून टाकले. शेठ माणूस बरा निघाला. त्याने पोलीस बोलावले नाहीत, रिक्षा बोलावली. हेमराजच्या आईने, धुरपदाबाईने, आधी त्याला गावी नेऊन भगताकडून उतारा करून घेतला. उताऱ्याचा कोंबडा भगताच्या पोटात गेला, आवाज होते तिथेच राहिले. मग सुरतेतला मोठा दवाखाना, महिन्याचं इंजेक्शन आणि रोजच्या गोळ्या. गोळ्यांनी काम चोख केलं. तिघेही गप्प झाले.

पण हेमराजला हसू आलं की ते ओठांपर्यंत यायचं आणि तिथूनच माघारी फिरायचं. पापण्या मिटायच्या विसरून जायच्या. मान वळवायची तर खांदे सोबत न्यावे लागायचे. तोंडाला कोरड आणि ओठाच्या कोपऱ्यात लाळ, ही दोन्ही सुखं एकाच वेळी. उजव्या हाताचा अंगठा दिवसभर बोटांवर घासला जायचा, म्हणून लोक त्याच्यापुढे हात पसरून चिमूटभर तंबाखू मागायचे. तो बिचारा तंबाखू खातच नव्हता. असल्या बोटांनी तुटलेल्या धाग्याला गाठ बसत नाही, म्हणून शेठने त्याला बायकांच्यात बॉबिन भरायला बसवलं. भाऊबंदांत धुरपदाबाईने सांगितलं, कंबर धरली आहे. कंबर धरलेला माणूस सोयऱ्यांना चालतो. त्याची बहीणही चालते. आणि घरात चंचल लग्नाची होती.

हेमराजने डॉक्टरांना चेहऱ्याचं विचारून पाहिलं. डॉक्टरांनी विचारलं, आवाज येतात का? तो म्हणाला, नाही. डॉक्टर म्हणाले, मग उत्तम आहे. त्यांनी अंग मोकळं व्हायला आणखी एक लहान गोळी लिहून दिली. तिने चेहरा नाही, पण पाय जरा मोकळे झाले.

त्याच्या बायकोला, जयश्रीला, पहिले काही महिने वाटत होतं की नवरा रागावला आहे. ती भांडली, रडली, एकदा ताट आपटलं. समोर काहीच हललं नाही. हेमराजला आत इतकं वाईट वाटत होतं की सांगता सोय नाही, आणि खरोखरच सांगता सोय नव्हती, कारण त्याचं वाक्य जिभेवर यायला वेळ लागायचा आणि तोवर जयश्री मोरीत भांडी घासायला गेलेली असायची.

या चेहऱ्याची किंमत पहिल्यांदा कळली ती धुडकूमामाला. मामा म्हणजे धुरपदाबाईचा धाकटा भाऊ, सगळ्यांची लग्नं जुळवणारा. त्याच्या पुतणीची बैठक कामरेजला होती. बैठक म्हणजे देण्याघेण्याचं बोलणं. ते पटलं की सुपारी फुटते. माणसं कमी पडत होती म्हणून मामाने हेमराजला उचलून नेलं आणि सतरंजीवर पुढे बसवलं. मुलाकडच्यांनी स्कूटर मागितली. हेमराजला म्हणायचं होतं, "बघू." ते तोंडातून निघेपर्यंत मुलाचा बाप त्याच्या न मिटणाऱ्या डोळ्यांकडे पाहत राहिला, मग खाकरला आणि म्हणाला, "बरं, स्कूटरचं राहू द्या." हेमराजचं "बघू" त्यानंतर बाहेर पडलं. ते ऐकून त्या माणसाने लोखंडी कपाटही सोडून दिलं.

झालं. लिंबायतपासून कडोदऱ्यापर्यंत नाव झालं. पोरीची बैठक आहे? हेमराजला न्या. बोलत नाही, हसत नाही, पण समोरचा नरम होतो. ज्या भाऊबंदांनी दोन वर्षांत चहाला बोलावलं नव्हतं ते रिक्षा घेऊन न्यायला येऊ लागले. मामा तर बैठकीच्या दिवशी ती लहान गोळी टाळायला लावायचा, म्हणजे कडकपणा उतरायला नको. जयश्री म्हणायची, "न्या, खुशाल न्या. आम्हाला घरी हे तोंड रोज फुकटच आहे."

खरं सांगायचं तर हेमराजलाही ते आवडू लागलं होतं. लोक त्याला आप्पा म्हणत होते. आजाराने त्याच्याकडून सगळं काढून घेतलं होतं आणि आता त्याच आजारामुळे पहिल्या पंगतीला पाट मिळत होता.

अशात चंचलची बैठक ठरली. मुलगा कडोदऱ्याचा, नाव धर्मेंद्र. बाप हिलाल, एका कारखान्यात मुकादम. बायका येऊन मुलगी पाहून गेल्या होत्या, आता पुरुषांचं बोलणं होतं. कारखान्याच्या सुट्टीचा दिवस धरला, कारण एरवी खालच्या लूममुळे त्यांच्या वरच्या खोलीत कोणी काय मागितलं तेही ऐकू येत नाही. चंचलला शेजारणीच्या खोलीत साडी नेसवायला नेलं. जयश्री पडद्यामागे चहापोह्यांना लागली. मामाने हेमराजला सतरंजीवर मधोमध बसवलं आणि कानात सांगितलं, "तू फक्त बठ. बाकीनं मी देखस."

पाहुणे आले. मुलगा बापाच्या शेजारी बसला. नवा शर्ट, हातात घडी केलेला रुमाल. कोणी काही विचारलं तरी तो एखादा शब्द बोलायचा आणि मग खाली पाहायचा.

"पोऱ्या शांत शे," मामा खूश होऊन म्हणाला.

"पहिल्यापासूनच," हिलाल म्हणाला. "कधी वर तोंड करून बोलला नाही."

हेमराज मुलाकडे पाहत होता. रुमाल दर थोड्या वेळाने ओठाच्या कोपऱ्याला लागत होता. पाण्याचा एक तांब्या संपला होता आणि मुलगा दुसऱ्याकडे पाहत होता. बापाने हाक मारली तेव्हा तो मानेने वळला नाही, खांद्यांसकट वळला. मांडीवर ठेवलेल्या हाताचा अंगठा बोटांवर फिरत होता. हेमराजने स्वतःच्या मांडीकडे पाहिलं. तिथेही तेच चाललं होतं.

त्याला सगळं कळलं. तोंडावर अर्थातच काही आलं नाही. तो नुसता पाहत राहिला, आणि आपल्या मुलावर रोखलेली ती नजर पाहून हिलालने आधी स्कूटर सोडली, मग शिलाई मशीन सोडलं, आणि शेवटी लग्न गावी न नेता सुरतेतच करायलाही तो तयार झाला. मामाने मांडीवर थाप मारली. एवढी स्वस्त बैठक त्याने जन्मात पाहिली नव्हती.

मुलगा पाण्यासाठी उठून गॅलरीतल्या पिंपाकडे गेला. पायांत साखळी असल्यासारखी लहान लहान पावलं, हात अंगाला चिकटलेले. हेमराजही उठला आणि तसाच चालत मागे गेला.

"रोज किती घेस?" त्याने विचारलं.

धर्मेंद्रला वळायला वेळ लागला. "तुमले कसं समजनं?"

हेमराजने आपला उजवा हात वर केला. दोघांनी काही वेळ एकमेकांचे अंगठे पाहिले.

"आज बाबांनी जास्तीची दिली," धर्मेंद्र म्हणाला. "म्हणे बैठकीत गप बसशील."

"माले मामानी एक कमी घेवाले लाई."

दोघांनाही हसू आलं असावं. पुरावा काही नव्हता.

"लगीन झालं की बंद करणार आहेत," धर्मेंद्र सावकाश म्हणाला. "बायको आली की गोळ्या कशाला, म्हणतात."

हेमराजने एकदा त्या बंद करून पाहिल्या होत्या. पंधरवड्यात मेलेला चुलता परत आला होता आणि येताना आणखी दोघांना घेऊन आला होता. हे त्याने धर्मेंद्रला सांगितलं. मग म्हणाला, "तू सांगी दे ना आतमधे."

"सांगायला लागतो. पण मी सुरुवात करतो तोवर ते दुसऱ्याच गोष्टीवर गेलेले असतात."

धर्मेंद्रने तांब्या भरून घेतला. पाणी थोडं हातावर, थोडं नव्या शर्टावर सांडलं. "तुमनी बायकोले लगीनना आगोदर माहीत व्हतं?" त्याने विचारलं.

"नही. मालेच माहीत नव्हतं."

हेमराज पडद्यामागे गेला. जयश्री बशा मांडत होती. हेमराज उभा राहिला आणि वाक्य जिभेवर येईपर्यंत थांबला. जयश्रीने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली.

"तुले आधी कोनी सांगतं," तो म्हणाला, "का हाऊ मानूस असा होई जाई, तं तू मन्हासंगे लगीन करती का?"

जयश्रीचा हात थांबला. सतरंजीवर सुपारीची तयारी चालली होती आणि नवरा इथे काय विचारत उभा आहे हे तिला कळेना. पण ती खोटं बोलणारी बाई नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "नसतं केलं." आणि थोड्या वेळाने, "विचारलंत म्हणून सांगितलं."

हेमराजला फार लागलं. उत्तर काय येणार हे माहीत असूनही लागलं. पण आता काय करायचं ते ठरलं होतं.

तो सतरंजीवर येऊन बसला. मामाने सुपारी हातात घेतली होती. हेमराजने हात वर केला आणि सगळे थांबले. हेमराज आप्पा बोलणार म्हटल्यावर थांबणं भागच होतं.

"मी कंबरमुळे लूम सोडेल नव्हतं," तो म्हणाला. "माले आवाज यायेत. येड लागेल व्हतं. त्यान्या गोळ्या मी रोज खास. हाई जे तोंड तुमले दिसी राहिनं, ते गोळ्यासनं शे. गोळ्या बंद करात का आवाज परत येतस. सोयरीक करानी आगोदर जे शे ते सांगाले पाहिजे."

एवढंच बोलून तो धर्मेंद्रकडे पाहू लागला. मुलाचं गुपित त्याने सांगितलं नाही. ते त्याचं त्याने सांगायचं होतं. वाट मोकळी करून दिली होती, आता कोणी दुसऱ्या गोष्टीवर जाणार नव्हतं. धर्मेंद्रचे ओठ हलले. वाक्य निघालं होतं, हेमराजला ते निघताना दिसत होतं.

हिलाल त्याच्या आधी उठला. "वेड्याच्या घरात?" तो ओरडला. "फसवता आम्हाला? आमचं धडधाकट पोरगं असल्या घरात द्यायचं? उद्या नातवंडं वेडी निघाली तर?" त्याने मुलाला काखेत हात घालून उभं केलं. पाहुणे मंडळी चपला शोधू लागली. धर्मेंद्र दारातून मागे वळायला लागला, पण खांदे वळेपर्यंत त्याला जिन्यात नेलं होतं. खालून त्याचं "मी..." एवढंच ऐकू आलं.

धुरपदाबाईने कपाळ बडवून घेतलं. पोटच्या पोराने बहिणीच्या लग्नात माती कालवली, आता सबंध सुरतेत कोण उभं करणार, असं ती रडून रडून सांगत राहिली, आणि त्यात काही खोटं नव्हतं. धुडकूमामाने सुपारी खिशात टाकली. "तुले फक्त बठाले सांगेल व्हतं," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका दुखावलेला होता की हेमराजला त्याचीही दया आली. मामा बहिणीला घेऊन हिलालची समजूत घालायला रिक्षा स्टँडकडे धावला.

शेजारच्या खोलीतून चंचल आली. मोरपंखी साडी, केसांत गजरा. ती भावासमोर बसली. जयश्री पडदा सरकवून उंबऱ्यात उभी राहिली.

हेमराजने सांगायला सुरुवात केली. मुलगाही गोळ्या खातो. लग्नानंतर बंद करणार होते. तुला काही कळू देणार नव्हते. त्याच्या वाक्याला वेळ लागला, पण चंचल मध्ये बोलली नाही. ती भावाच्या बोलण्याला कधीच घाई करत नसे.

"माले माहीत शे," ती म्हणाली.

"कसं?" हेमराजने विचारलं.

"तो जिना चढताना मी खिडकीमाइन देखा. चालनं देखीसनच वळखं. दोन वरीस तुन्या गोळ्या मी काढी देस, भाऊ. तुले न्हावाले पानी मी देस. माले समजाव नही का?"

"मंग बोलनी काबर नही?"

"सुपारीना आगोदर माले बाहेर बलावतीन, तव्हय सर्वासमोर त्यालेच इचारसू, असं ठरायेल व्हतं मी." तिने वहिनीकडे पाहिलं आणि परत भावाकडे. "तू वहिनीले जे इचारं, ते भिंतमाइन ऐकू उनं माले. वहिनीले त्या येळे कोनी इचारं नव्हतं, ते तुले वाईट वाटनं. मंग माले कोनी इचारं, भाऊ?"

हेमराजच्या आत जे झालं ते फार मोठं होतं. आजार झाल्यापासून लोकांनी त्याच्याविषयी त्याला न विचारता सगळं ठरवलं होतं, कुठे न्यायचं, काय सांगायचं, कुठे बसवायचं. ते सगळं त्याला तोंडपाठ होतं. आणि आज पहिल्यांदा त्याच्या हातात ठरवण्यासारखं काही आलं, तर त्याने तेच केलं. त्याला रडू येत होतं. डोळे कोरडे राहिले.

"चुकनू मी," तो म्हणाला.

"हां," चंचल म्हणाली.

"आते इचारस. तू काय म्हनती? हो म्हनती का नही?"

चंचलने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडावरून काय वाचायचं हे सुरतेत एकट्या तिलाच येत होतं.

"आते सांगाव नही," ती म्हणाली. मग तिने उठून खांद्यावरच्या पिना काढल्या, पडद्यामागे जाऊन साडी बदलली, ती घडी घालून आईच्या पेटीत ठेवली आणि खिडकीपाशी मजुरीवर टिकल्या लावायला आणलेली दुसऱ्याची साडी मांडीवर घेतली.