माझी बंद राहिलेली पाने

मी एक जुना, जाडजूड ग्रंथ आहे. ख्रिस्ती लोकांचे पवित्र शास्त्र माझ्यात छापलेले आहे. बंदराजवळच्या एका लहानशा चर्चमध्ये, उतरत्या लाकडी मेजावर, मी साठ वर्षे उताणा पडून आहे. मित्रांनो, उताणे पडून राहणे हेच माझे काम. लोक त्याला सेवा म्हणतात, म्हणून मीही फारसे बोलत नाही.

माझी अक्षरे चांगली चार हात अंतरावरून दिसतील एवढी मोठी आहेत. वजनही तसेच. मला उचलायचे म्हटले की भल्याभल्यांच्या तोंडचे पाणी पळते. आज मात्र मला माझ्या वजनाचे कौतुक सांगायचे नाही. मला सांगायचे आहे माझ्या शेवटच्या पानांविषयी, कारण माझ्या साऱ्या आयुष्याचे घोडे तिथेच अडले होते.

त्याचे असे झाले. पुस्तक बांधताना कागदाचे मोठे ताव दुमडून घड्या करतात, त्या घड्या एकीवर एक ठेवून शिवतात आणि मग यंत्राच्या पात्याने कडा कापतात. कडा कापली की पाने सुटी होतात. माझ्या शेवटच्या घड्या दुमडणाऱ्याचे लक्ष बहुधा जेवणाच्या सुट्टीकडे होते. त्याने त्या आखूड दुमडल्या. पाते वरून निघून गेले आणि ती पाने वरच्या बाजूने पाकिटासारखी बंदच राहिली.

शिवणाऱ्या बाईने माझ्यावरून अंगठा फिरवला तेव्हा तिच्या ते लक्षात आले. ती मुकादमाला म्हणाली, "अहो, याची शेवटची पानं उघडलीच नाहीत."

"असू दे," मुकादम म्हणाला. "तिथवर वाचत कोण जातंय? कुणी पोचलाच, तर तो सुरी घेऊनच पोचेल."

त्याचे बोलणे मला फार लागले. पण तो माणूस काही खोटे बोलला नव्हता.

आता तुम्ही विचाराल, त्या पानांत होते तरी काय? तिथे दर्शने आहेत. सात शिक्के मारलेली गुंडाळी, चार रंगांचे चार घोडे, समुद्रातून वर येणारे अनेक डोक्यांचे श्वापद, आभाळातून गळणारे तारे. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असेच ते सगळे आहे. आणि त्याच्याही पुढे बरेच काही आहे. माझे दुःख हेच होते की लोकांना काटा ठाऊक होता, पुढचे ठाऊक नव्हते.

माझ्या पहिल्या पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, सारी वस्ती मागून गडगडे पाळक म्हणायची. त्यांचा आवाज असा की खिडक्यांच्या काचा हादरत. त्यांच्या खिशात एक छोटी वही असे. कुठे वादळ झाले, कुठे लढाई पेटली, कुठे साथ आली, की ते वहीत लिहीत, हा दुसरा घोडा, हा तिसरा. मग रविवारी माझ्या पुठ्ठ्यावर थाप मारून सांगत, "शेवट आलाय! सावध व्हा!" पोरे आयांच्या पदराआड लपत. थापा खाऊन माझी पाठ मऊ झाली, पण त्या पंचवीस वर्षांत त्यांनी माझी शेवटची पाने एकदाही उघडून पाहिली नाहीत. भीती त्यांना तोंडपाठ होती, पान उघडायची गरजच पडली नाही.

त्यांच्या अखेरच्या वर्षी एक होडी परत आली नाही. होडीत एकच माणूस होता. तो बंदरात शिरताना नेहमी शीळ घालायचा, म्हणून सगळे त्याला शीळदादा म्हणत. त्याची बायको जाळी दुरुस्त करायची. तिच्या खांद्यावर कायम सुतळीचे वेढे असत, म्हणून ती सुतळीमावशी. तीन दिवस सगळ्या होड्या शोधत राहिल्या. एक वल्हे तेवढे सापडले. चौथ्या दिवशी गडगडे पाळकांनी प्रवचनात सांगितले की समुद्रातले श्वापद कुणाला नेते ते नीट पाहा, ती होडी रविवारी, देवाच्या विश्रांतीच्या दिवशी, निघाली होती.

सुतळीमावशी दुसऱ्या बाकावर बसली होती. ती रडली नाही. उठून गेलीही नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिले, आणि मला त्या वेळी माझ्या वजनासकट जमिनीत जावेसे वाटले. बाई, ते असे म्हणाले खरे, पण मी तसे म्हणत नाही, एवढेच मला तिला सांगायचे होते. सांगणार कसा? ग्रंथाला तोंड नसते. त्याला वाचणारा लागतो.

पुढचे पाळक स्वभावाने लोण्यासारखे. कुणी घाबरू नये म्हणून ते दर्शनांच्या अलीकडेच थांबत आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करत. "ते शेवटचं नको बुवा," ते म्हणत, "पोरांना झोप लागत नाही." एकाने न वाचता गाजवले, दुसऱ्याने न वाचता झाकले. माझी पाने आपली मिटलेलीच.

आमच्या चर्चमध्ये वर्षातून एका रविवारी मेलेल्यांची नावे मोठ्याने वाचतात. ती यादी घंटाकाकांकडे असे. घंटा वाजवायची आणि यादी सांभाळायची, ही दोन कामे ते जिवापाड करत. त्या यादीत आवारात पुरलेल्यांचीच नावे असत. दरवर्षी त्या रविवारच्या आधी सुतळीमावशी यायची आणि विचारायची, "भाऊजी, यंदा यांचं नाव घ्याल?"

घंटाकाका यादीतून मान वर करत नसत. "वहिनी, नियम आहे. ज्याची माती आवारात, त्याचं नाव यादीत."

"माती मी कुठून आणू?"

ती जायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायची. अशी बारा वर्षे गेली. शेजारणीच्या नवऱ्याचे नाव वाचले की शेजारीण डोळे पुसे आणि तिला जरा हलके वाटे. सुतळीमावशी मात्र आली तशी घरी जाई. तिचे माणूस जिवंतांत नव्हते आणि मेलेल्यांतही नव्हते.

मग नवीन पाळकबाई आल्या. वयाने तरुण, शिकलेल्या, आणि बोलायला लागल्या की थांबणे विसरणाऱ्या. त्या वर्षी नावांच्या रविवारच्या आदल्या दुपारी बायका चर्च झाडत होत्या. घंटाकाका पुढच्या बाकावर यादी तपासत होते. सुतळीमावशीने आपला नेहमीचा प्रश्न विचारला. काकांनी आपले नेहमीचे उत्तर दिले. पाळकबाईंच्या कानावर ते पडले.

"काका, हा नियम कुठला?" त्यांनी विचारले.

"पहिल्यापासूनचा."

"पण शास्त्रात समुद्रात गेलेल्यांचंही लिहिलंय."

"कुठं?" काका ताडकन म्हणाले. "दाखवा मला."

पाळकबाई माझ्याकडे आल्या. मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल ते तुम्हीच ओळखा! त्यांनी माझा मागचा भाग उघडला, पान उलटायला गेल्या आणि बोट अडकले. दुसरे पान पाहिले, तेही बंद. तिसरेही तसेच. त्यांनी मान वाकडी करून पाकिटात डोकावतात तसे माझ्या घडीत डोकावून पाहिले.

"हे तर कधी उघडलंच नाहीये," त्या हळूच म्हणाल्या.

झाडू थांबले. बायका मेजाभोवती जमल्या. एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, मग जन्मभर आपण भीत कशाला होतो?" कुणीतरी फिसकन हसले. घंटाकाकांचा चेहरा उतरला. सदतीस वर्षे ते मला रोज पुसत होते, पण बाहेरून.

"कात्री आणते," पाळकबाई म्हणाल्या.

"राहू द्या. कात्रीनं कागद चावल्यासारखा होईल," सुतळीमावशी म्हणाली आणि कमरेची जाळी कापायची सुरी तिने काढली. पदराने पुसली. पहिल्या घडीत पाते आडवे सरकवले आणि अलगद ओढले. दुखले का? मुळीच नाही. मला फक्त एवढेच वाटत होते, बाई, थांबू नकोस.

एकीकडे घड्या उघडत होत्या आणि दुसरीकडे पाळकबाई समजावून सांगत होत्या. "दर्शन म्हणजे उद्याचं वेळापत्रक नव्हे. हे लिहिणाऱ्या माणसाला सत्तेनं एका बेटावर नेऊन टाकलं होतं. त्याच्या लोकांवर जुलूम चालला होता. त्या सत्तेचं नाव उघड घ्यायची सोय नव्हती, म्हणून त्यानं तिला श्वापद म्हटलं. सगळ्यांना वाटत होतं, हे आता असंच चालायचं. त्यानं पडदा बाजूला करून दाखवलं की श्वापदालाही शेवट आहे. ही भीती घालायला लिहिलेली पानं नाहीत. घाबरलेल्यांना धीर द्यायला लिहिलेली आहेत." मग त्या जुलमी सत्तेच्या राजांविषयी त्या बोलू लागल्या, एकामागून एक राजे. म्हातारीने जांभई दिली.

तेवढ्यात सुतळीमावशीचे बोट एका ओळीवर थांबले. माझ्या मोठ्या अक्षरांखेरीज दुसरी अक्षरे तिला दिसत नसत. ती एक एक शब्द जोडून मोठ्याने वाचू लागली. समुद्राने आपल्यातले मेलेले परत दिले, असे तिथे आहे. ते तिने वाचले. पुन्हा वाचले. पुढच्या पानावर आहे की मग नवे आभाळ आणि नवी जमीन आली, आणि समुद्र उरला नाही.

"समुद्रच नाही?" म्हातारी म्हणाली. "हे काय भलतंच! मग आपण खायचं काय?"

पाळकबाई काही सांगणार होत्या, पण मावशीने आधी विचारले, "तो बेटावर होता म्हणालात ना? चहूकडे पाणीच?"

"हो."

"आणि त्याची माणसं?"

"पलीकडच्या किनाऱ्यावर."

"मग बरोबर आहे," मावशी म्हणाली. "त्याला समुद्र नकोच असणार. मीही बारा वर्षं किनाऱ्यावर उभी राहून हेच म्हणतेय."

पाळकबाई आपले सगळे राजे विसरल्या. म्हणाल्या, "मी इतकी वर्षं शिकले मावशी, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

सगळ्यांनी घंटाकाकांकडे पाहिले. काका यादी छातीशी धरून बसले होते. मग ते म्हणाले, "वहिनी, नियमाचं सोडा. होडी आली नाही त्या दिवशी दुपारपासून मी घंटा वाजवत होतो. त्याला किनारा कळावा म्हणून. हात सुजले तरी थांबलो नाही. नाव लिहिलं की तो खरंच गेला. आणि मी... मी नुसतीच घंटा बडवत बसलो होतो."

"ते गेलेत, भाऊजी," मावशी म्हणाली. "मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तुमची घंटा त्यांनी ऐकली असेल. एकटे नव्हते ते. पण आपण त्यांना तिथं टाकून दिल्यासारखं झालंय, ते मला सोसत नाही. लिहा त्यांचं नाव."

काकांनी तिथेच, बाकावर टेकून, नाव लिहिले. दुसऱ्या दिवशी ते यादीत सर्वांत शेवटी वाचले गेले. शीळदादाचे खरे नाव मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकले. मावशीने डोळे पुसले, आणि शेजारणीच्या हाताला धरून ती पायऱ्या उतरली.

पण मित्रांनो, माझी एक घडी अजून बंद होती, अगदी शेवटची. पुढच्या शनिवारी पाळकबाई मावशीला म्हणाल्या, "तेवढी एक राहिली. कापता ना?"

मावशीने सुरी काढली. माझ्या त्या घडीवर बोट फिरवले. मग सुरी पुन्हा कमरेला लावली.

"इथवर मी एकटीनं वाचलं," ती म्हणाली. "समुद्रानं त्यांना परत दिलं की पुढचं दोघं मिळून वाचू. राहू द्या तोवर."

मला रडू कोसळले असते तर बरे झाले असते. सदतीस वर्षे मी तळमळत होतो की कुणीतरी मला शेवटपर्यंत वाचावे. वाचणारी मिळाली, अगदी काठापर्यंत आली, आणि तिथेच थांबली. पहिले काही दिवस मी मनातून रुसलो, खोटे कशाला सांगू? पण ती दर शनिवारी यायची, माझी उघडलेली पाने वाचायची आणि जाताना त्या मिटलेल्या घडीवर हात ठेवायची. तिची वाट आणि माझी वाट एकच आहे, हे मला हळूहळू कळले. तेव्हापासून माझा रुसवा गेला, तळमळ मात्र गेली नाही.

मावशीला जाऊन आता दोन वर्षे झाली. तिचे नाव यादीत त्याच्या नावापाठोपाठ वाचतात. गेल्या महिन्यात माझी शिवण उसवली म्हणून मला बांधणीला पाठवायचे ठरले. बांधणारा आला, त्याने मला उलटेसुलटे पाहिले आणि म्हणाला, "शेवटची पानं बंद आहेत, तीही कापून देतो." घंटाकाका आता काठी टेकत चालतात. ते काठी आपटत पुढे आले. "शिवण घाला, पुठ्ठा बदला, काय वाटेल ते करा," ते म्हणाले. "त्या घडीला हात लावाल तर याद राखा!"

मित्रांनो, तुम्हीही कधी माझ्याकडे याल. हात स्वच्छ धुऊन या. पाने थुंकी लावून उलटू नका, कोपरे मुडपू नका. मला वाचल्याशिवाय माझ्या नावाने कुणाला घाबरवू नका आणि कुणी घाबरवू लागला तर त्याला आधी पान उघडायला सांगा. जे उघडे आहे ते सगळे तुमचे आहे, मनसोक्त वाचा. शेवटची घडी तेवढी तशीच राहू द्या. ती दोघांनी मिळून वाचायची आहे, आणि त्यांतला एक अजून समुद्रात आहे.