देवपूरची अखाजी

अखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, उद्यावर आली तशी नवलने पिशवी भरायला घेतली. धुळ्याच्या देवपूर भागातल्या त्या भाड्याच्या घरात दारू सोडलेले सात-आठ जण राहत. उपचार संपले होते, पण लगेच गावी जायची धास्ती होती, अशी ही माणसं. स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणं पाळीपाळीने चाले. घर चालवणारे प्रेमराज नाना स्वतः याच वाटेने आलेले. दाराला कुलूप नसे; जायचं त्याने सांगून जावं, एवढंच.

गेल्या अखाजीलाही नवल सांगूनच गेला होता. पारोळ्याजवळचं त्याचं गाव त्या दिवशी वेगळंच होऊन जाई. माहेरी आलेल्या लेकी निंबाला झोके बांधत. थोरली बहीण रुपाली झोका एवढा चढवी, की खाली उभा नवल डोळे मिटून घेई. घरात आई सांजोऱ्या तळत असे आणि पहिली सांजोरी त्याच्या हातावर ठेवून 'फुंक मारीसन खाय' म्हणे. पिंपळाखाली पुरुषांचे पत्ते रंगत. अखाजीले बठ्ठं माफ, त्या दिवशी सगळं चालतं, असं गावच म्हणे. मिसरूड फुटायच्या वयात काकाने त्याला पहिला घोट दिला तो तिथेच, आणि सगळे हसले होते. गेल्या वर्षी तो पुन्हा त्याच पिंपळाखाली बसला आणि देवपुरात परतला थेट हिवाळ्यात. मधल्या पावसाळ्यात आई गेली.

म्हणून यंदा जाणं भाग होतं. घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने अखाजीला नवी घागर भरतात. वर खरबूज आणि सांजोरी ठेवतात. आईची ही पहिली घागर, आणि ती भरायची लेकाने. शिवाय गावचं घर बंद राहिलं तर रुपालीने माहेर म्हणून जायचं कुठे?

नानांनी त्याला अडवलं नाही.

"जाय भो. पाय तुनं ऐकतीन का गावनं, तेवढं पाहीसन जाय."

नवलने भडगावला रुपालीला फोन केला. सकाळी घर उघडतो, तू ये, म्हणाला. तिने एवढंच विचारलं, किती वाजता निघशील.

अखाजीच्या सकाळी तो चपला घालत असतानाच रिक्षा थांबली. रुपाली उतरली, ती मांडीवरची नवी घागर सांभाळतच. पहिल्या एसटीने आली होती. बायकांनी ओसरीवर बसायचा तिथला रिवाज; पण ती सरळ चुलीपाशी गेली आणि त्या दिवशी स्वयंपाकाची पाळी असलेल्या योगेंद्रच्या पोळपाटावर वाकून म्हणाली, "ही पोळी शे का खानदेशना नकाशा?"

सगळे हसले. नवल हसला नाही. परक्याच्या घरात आईची घागर भरायची, लोक काय म्हणतील, असं तो तावातावाने बोलू लागला. रुपालीने त्याला बोलू दिलं. मग घागर त्याच्या हातात ठेवली.

"घागरले घर नही लागत, भरनारा लागस. मायले शुद्धीवरला पोऱ्या पाहिजे."

घागर धरूनच त्याने पायातल्या चपला काढल्या. मग तो ती भरायला नळाखाली बसला. भरलेली घागर देव्हाऱ्याजवळ ठेवताना त्याने आईचं नाव घेतलं. नानांनी पाठीवर हात ठेवला. दुपारी पंगत बसली. आमरस वाढताना रुपाली झोक्याची गाणी गुणगुणत होती, आणि कोणाकोणाला आपापल्या गावचे निंब आठवत होते.

उन्हं उतरल्यावर रिक्षा बोलावून ती निघाली. तिला पोचवायला नवल उठला. स्टँडच्या रस्त्यावर दारूची दुकानं होती, आणि आज सण. तो दारात थांबला. अशा वेळी सोबत मागायची त्याला लाज वाटे.

"योगेंद्र, तू बी चाल," तो म्हणाला. "येतांना माले एकला सोडू नको."

संध्याकाळच्या पोळ्यांचं पीठ मळणारा योगेंद्र हात पुसत उठला. रुपालीने रिक्षात सरकून दोघांना जागा केली.