भिजवलेले बदाम

डॉ. वैजयंतींनी रक्तदाबाचा पट्टा सोडला आणि मान वर न करताच विचारलं, "आधीची मुलं किती?"

"दोन. पोरीच," रत्ना म्हणाली.

कागदावरचा पेन थांबला.

"आजच्या आधी सोनोग्राफी कुठे केली?"

"कुटंच न्हाई."

"खरं सांगा. मुलगी आहे असं कुणी सांगितलं असेल, तर मी गर्भपात करणार नाही."

रत्नाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सकाळी नारायणगावच्या स्टँडजवळच्या मेडिकलवाल्यालाही असाच संशय आला होता आणि 'ती गोळी आम्ही ठेवतच नाही' म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला होता.

"मॅडम, पोरगा हाय का पोरगी, मला ठाव न्हाई. मला नकोच हाय. धाकट्या प्राचीच्या टायमाला रगत थांबंना, मरता मरता वाचले. दिस ऱ्हाऊ नयेत म्हनून गोळ्या घेत व्हते, त्या सासूनं चुलीत घातल्या."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुढचं त्या हळू आवाजात बोलल्या.

"इतक्या लवकर ते कुणालाच कळत नाही. गर्भ पिशवीत नीट आहे ना, एवढंच आज पाहिलं. दिवस कमी आहेत, दोन्ही पद्धतींनी करता येईल. गोळ्यांनी करायचं तर पहिली इथे माझ्यासमोर घ्यायची, बाकीच्या दोन दिवसांनी. मग कळा येतात, पाळीपेक्षा जास्त रक्त जातं आणि गर्भ पडतो."

"किती दिस जातं रगत?"

"आठ-दहा दिवस, थोडं थोडं."

रत्नाच्या डोळ्यांसमोर अंगणातली न्हाणी आली, बाहेरची वाळत घालायची दोरी आली. सून कधी बाजूला बसते आणि कधी नाही, हे सासूला, साळुबाईंना, दोरीवरून कळायचं.

"आन् दुसरी?"

"नळीने पिशवी मोकळी करायची. थोड्या वेळाचं काम, संध्याकाळी घरी. तुमचा मागचा त्रास बघता मी हीच सुचवीन. पण सोबत घरचं कुणीतरी हवं."

"मालकाची सही?"

"लागत नाही. कायद्याने तुमची एकटीची पुरते."

रत्ना जराशी हसली. डॉक्टरांना ते हसू कळलं नसावं. त्यांनी गुरुवारची वेळ लिहून दिली.

डिंगोऱ्याला एसटीतून उतरून ती घरी आली, तेव्हा सासू ओट्यावर बसून रात्री भिजवलेले बदाम सोलत होती. दिवस गेल्याचं कळल्यापासून साळुबाईंनी तिला हंडा उचलू दिला नव्हता. लग्नाला बारा वर्षं झाली, पण घरात बदाम पहिल्यांदाच आले होते. पलीकडे उंबऱ्यात मोठी श्रेया धाकट्या प्राचीची वेणी घालत होती.

"आलीस? टेक वाईच," साळुबाई म्हणाल्या. "नोंदलं का नाव दवाखान्यात? संपतचा फोन आलता कंपनीतनं. म्हन्ला, आई, औंदा पेढंच वाटायचं."

"आत्या, बेस्तरवारी परत जायचंय नारायणगावला."

"आता गं कशाला?"

"खाली करायला. मला नको हाय."

बोटांत धरलेला बदाम तसाच राहिला. "नको हाय? लई शानी झालीस. देवानं आता कुटं वर बगितलंय, आन् तू त्येच्या तोंडावर दार लावतीस? संपत टांग तोडंल. उंबऱ्याभाईर पाय टाकून तर बघ."

रत्नाने उंबऱ्याकडे पाहिलं. श्रेयाच्या हातात वेणीचे तिन्ही पेड होते. रत्नाने मान फिरवली आणि ओट्याच्या कडेला, पोरींकडे पाठ करून बसली.

"आज सोनोग्राफी केली," ती म्हणाली. "पोरगी हाय."

साळुबाईंनी हातातला बदाम वाटीत ठेवला. गोठ्यात म्हैस शेपटी आपटत होती.

"कोन म्हन्लं?" साळुबाईंनी खालच्या आवाजात विचारलं.

"हाय तिथली एक. कुटं बोलू नगा."

"मी कशाला बोलतीया." साळुबाईंनी ओले हात लुगड्याला पुसले. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता. त्यांनी रत्नाच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नगं. तुझा काय दोष? संपतला मी सांगते. बेस्तरवारी पयल्या गाडीनं जाऊ, मी येते संगं."

रत्ना रडत नव्हती.

साळुबाई वाटी घेऊन उठल्या आणि उंबऱ्याशी गेल्या. "घ्या गं पोरींनो. आता तुमीच खावा."

प्राचीने दोन्ही हात पुढे केले. सोललेले पांढरे बदाम तिने एकदम तोंडात टाकले.

"तू घी की," साळुबाई म्हणाल्या.

श्रेयाने वाटीकडे पाहिलं नाही. ती आईच्या पाठीकडे पाहत होती. मग तिने सुटलेले पेड पुन्हा गोळा केले आणि वेणी इतकी घट्ट ओढली, की प्राची भरल्या तोंडाने ओरडली.