दोन मालकांचा पूल

मी पूल बोलतोय, नॉटिंगहॅमजवळच्या एका नदीवरचा. बोलतोय कसला, कुरकुरतोय! कंबरेत गंज चढलाय आणि डोकं पार फिरलंय.

माझा जन्मच भांडणातला. दोन काठांवर दोन रेल्वे कंपन्या, एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या. नदी दोघींनाही ओलांडायची होती, पण एकटीने पूल बांधायची कुणाचीच ऐपत नव्हती. मग नाकं मुरडत त्यांनी एक छोटीशी सामायिक कंपनी काढली. तिची सगळी मालमत्ता म्हणजे मी. अर्धा हिचा, अर्धा तिचा.

रंगाऱ्यांची तऱ्हा ऐका. अलीकडचे हिरवा रंग लावत मधल्या जोडापर्यंत यायचे आणि ब्रश खाली ठेवायचे. पलीकडचे तांबडा लावत यायचे, तेही तिथेच थांबायचे. जोड दोघांचा, म्हणून एकाने दुसऱ्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, असा नियम. आणि दोघे एका दिवशी येतील तर शपथ!

पुढे गाड्या बंद झाल्या, कंपन्याही गेल्या आणि मी पायवाट झालो. अलीकडचा अर्धा कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, आला, पलीकडचा एका ट्रस्टकडे. खोड मात्र तीच. दोघांनी आपापला अर्धा चकाचक ठेवला आणि जोड सडू दिला. गेल्या हिवाळ्यात तिथे जाळी ठोकली.

त्या जाळीने अडवलंय पुरुषोत्तमरावांना. त्यांची बायको, मधुमतीबाई, पलीकडच्या केअर होममध्ये असतात. बाईंची स्मरणशक्ती विरत चालली आहे. सकाळचा चहा होईपर्यंत नवऱ्याला ओळखतात, मग नाही. माझ्यावरून चालत पुरुषोत्तमराव वेळेत पोहोचायचे. आता बस लांबचा वळसा घेते. ते दारात उभे राहतात आणि बाई अदबीने विचारतात, "आपण कोण?"

आज सकाळी ते नातीला, मायराला, घेऊन जाळीपाशी आले. ती इथेच जन्मलेली.

"आजोबा, कौन्सिल आणि ट्रस्टचा मीटिंग झाला. फर्स्ट टाइम दोघं अग्री झाले."

"अगं मग आधी नाही का सांगायचं! कधी उघडतायत?"

"उघडत नाहीत, आजोबा. दे आर टेकिंग इट डाउन. पूर्ण ब्रिज."

डबाभर रंगासाठी जे कधी एकत्र आले नाहीत, ते मला पाडायला आले! असा संताप झाला माझा, की थोबाड असतं तर तिथेच ओरडलो असतो.  पुरुषोत्तमराव मात्र जाळीत बोटं अडकवून पलीकडे बघत राहिले.

"आत्ता चहाला बसली असेल," एवढंच म्हणाले.

साहेबहो, पाडा मला. माझी तक्रार नाही. खरं तर आहे, पण ती कोण ऐकणार? फक्त त्याआधी एका सकाळी दोघांनी मिळून ही जाळी काढा. कोळशाच्या मालगाड्या पेलल्यात मी, एका वाळक्या म्हाताऱ्याचं ओझं मला होणार नाही. तिचा कप रिकामा व्हायच्या आत त्यांना पलीकडे जाऊ द्या.