न उजाडलेला शनिवार

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. दाराची नव्हे, खिडकीचीही नव्हे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत कामाचे तास नोंदवायचे सॉफ्टवेअर आहे, त्यातली मी तारखेची चौकट. कामगार माझ्यात तारीख लिहितात आणि शेजारच्या चौकटीत तास.

मला एका प्रोग्रामर ताईने घडवले. एकतीस जूनला काम केले म्हणणाऱ्या महाभागांना मी आल्या पावली परत पाठवत असे. पण ताईने शिकवलेला मुख्य नियम वेगळा होता. कोणी उद्याची तारीख टाकली, की मी लाल होऊन सांगायचे, "हा दिवस अजून उजाडलेला नाही." या वाक्याचा मला फार अभिमान होता. कार्यालयातल्या मॅडमही म्हणायच्या, "हिच्यामुळे नोंदी कशा चोख असतात!"

पुढे त्याच मॅडमना माझा जाच वाटू लागला. आठवड्याचा अहवाल शुक्रवारी संध्याकाळी वर पाठवायचा असे आणि मी शनिवारचे तास काही केल्या घेत नसे. "कामं तर ठरलेलीच आहेत, आधी भरली तर काय बिघडलं?" असे म्हणून त्यांनी माझा नियम बंद केला. माझी बोलतीच बंद झाली. मला फार वाईट वाटले.

अशाच एका शुक्रवारी लिफ्टच्या मेकॅनिक काकांनी माझ्यात दुसऱ्या दिवसाची तारीख लिहिली. पुढे लिहिले: दवाखान्याची लिफ्ट, ब्रेकची तपासणी, चार तास. काका लबाड नव्हते. सकाळी ते जाणारच होते. पण शनिवारी त्यांची मुलगी तापाने फणफणली आणि ते तिच्या उशाशी बसून राहिले. सोमवारी मॅडमनी नोंद पाहिली. तपासणी झालेली दिसली, म्हणून त्यांनी दुसऱ्या कोणाला पाठवले नाही. कामाच्या धबडग्यात काकाही विसरले.

गुरुवारी ब्रेक लागला नाही. लिफ्ट दीड मजला घसरून आदळली. आत सफाईच्या मावशी होत्या. त्यांचा जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला.

दुसऱ्या दिवशी काका कार्यालयात आले. मॅडम हळूच म्हणाल्या, "काका, चूक माझीही आहे हो."

काकांनी शनिवारची नोंद उघडली, चार तास पुसले आणि लिहिले, 'मी गेलो नव्हतो.' मग ते म्हणाले, "मॅडम, ते लाल वाक्य परत लावा. माझ्यासारख्याला लागतं ते."

मित्रांनो, आता मी पुन्हा लाल होते. कोणी कितीही कुरकुर केली तरी ऐकत नाही. पण माझी अक्कल तेवढीच. दिवस उजाडला की नाही, एवढेच मला कळते. त्या दिवशी तुम्ही काम केले की नाही, हे मला कधीच कळणार नाही. म्हणून विनवते, आधी काम करा, मग माझ्याकडे या.

काका आता शनिवारी काम आटोपून येतात आणि माझ्यात त्या दिवसाची तारीख लिहितात. त्यांच्या बोटांचे ग्रीस कळफलकाला लागते. मॅडम ते नंतर स्वतःच पुसून घेतात.